दुरडीखालचा भुंगा

आमच्या वखारीत भुंगा दिसला की आधी तो मारायचा आणि मग हातातलं काम खाली ठेवायचं, असा रिवाज होता. वखार लाकडाची, सोलापुरात, स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्याला लागून. वखारवाले लिंगायत गृहस्थ, त्यांना सगळे अण्णा म्हणत. माझा नवरा त्यांच्याकडं सुतार होता. नवऱ्याला आमच्यात मालक म्हणतात. मी जन्मभर तेच म्हणत आले, इथं दुसरं काही लिहायला हात धजत नाही. अण्णांनी वखारीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आम्हाला राहायला दिल्या होत्या. आमच्या भिंतीला टेकूनच आंब्याचे ओंडके रचलेले असत. केसांत भुसा, अंथरुणात भुसा, भाकरीतसुद्धा भुसा. जेऊरसारख्या गावातून शेतकऱ्याची पोर लग्न होऊन आली ती या भुशात येऊन पडली, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण माहेरी सगळे म्हणत की पोरगी शहरात सुखात पडली.

भुंगा म्हणजे फुलावर बसतो तो नव्हे. हा बोटाएवढा लांब, राखेच्या रंगाचा, पाठीवर तांबूस ठिपके, आणि मिशा स्वतःच्या अंगापेक्षा लांब. कोकणातून आलेला एक सुतार त्याला भिरूड म्हणायचा, आम्ही नुसतं भुंगाच म्हणत असू. याची अळी आंब्याच्या जित्या झाडात शिरते, पांढरी, चांगली करंगळीएवढी, आणि आत बसून खात राहते. झाड तोडून ओंडके वखारीत आले तरी तिचं खाणं सुरूच. दुपारी करवती थांबल्या की भिंतीपलीकडून कुरकुर कुरकुर ऐकू यायची. नवी होते तेव्हा मला वाटलं उंदीर आहे. सासू म्हणाली, "उंदीर न्हवं गं. आपल्या पोटावर पाय देणारा हाय त्यो."

रोहिणी-मृगाच्या दिवसांत ते लाकूड पोखरून बाहेर पडायचे. अंगठा जाईल एवढं भोक पडायचं, आणि अशी चार भोकं पडलेली फळी कुणी दारालासुद्धा घेत नसे. म्हणून मारायचे. मालकांची मारायची एक तऱ्हा होती. हत्यार लागायचं नाही. अंगठा आणि बोट यांच्यात मान धरायची, एक पीळ द्यायचा, की झालं. भुंगा चीं चीं असा बारीक आवाज करायचा आणि मग कटकन वाजायचं. मालक हे बोलता बोलता करायचे, बघायचेसुद्धा नाहीत. आपण तांदूळ निवडताना खडा बाजूला टाकतो तेवढंच लक्ष.

तीस सालाच्या आसपासची गोष्ट असेल. आम्हाला तीन वर्षांची मुलगी होती. मालक तिला बाय म्हणत. गोवर आला. आळीतल्या सगळ्याच पोरांना आला होता, सगळ्यांचा अंगावर फुटला, हिचा आत जिरला. पाचव्या दिवशी दुपारी आतल्या खोलीत तिचा जीव गेला, मी तिच्याजवळ बसले होते. त्या वेळी मी पाणी आणायलासुद्धा उठले नव्हते, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं बायकांनी विचारलं होतं की तू जवळ होतीस ना. होते. पाण्याची वाटी हातातच होती.

मला रडू आलं नाही. मालक पोरीला घेऊन बाकीच्या पुरुषांबरोबर गेले, पुरून आले, आंघोळ करून दारात बसले, आणि मी तोवर खोली झाडून काढली होती. शेजारी तेलुगू विणकराचं बिऱ्हाड होतं. त्याच्या बायकोनं येऊन माझे खांदे धरून हलवले. "रडा की अक्का, रडा," म्हणाली. ती स्वतः भडाभडा रडत होती. मी तिला पाणी दिलं. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळी आळी माझ्या रडण्याची वाट बघत होती, सासू तर मला मुद्दाम पोरीचं झबलं धुवायला द्यायची. मी ते धुवून, पिळून, दोरीवर वाळत घालायची. आत काही हलत नव्हतं. आता म्हातारपणी शहाणपण सुचून मी हे लिहीत नाही, तेव्हाही ते मला कळत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती.

आमच्यात एक चाल आहे. माणूस जिथं गेलं त्या जागी पणती लावायची, भोवती पीठ पसरायचं आणि वरून दुरडी झाकायची. सकाळी दुरडी उचलून बघायचं, पिठावर कुणाची पावलं उमटलीत. पाखराची असली तर जीव पाखराच्या जन्माला गेला, खूर उमटला तर गाईच्या. माझ्या आजोबांच्या वेळी मुंगीची रांग उमटली होती, आणि माझ्या आजीनं त्यानंतर मरेपर्यंत चुलीपुढच्या मुंग्यांना साखर घातली. पण ही चाल मोठ्या माणसांची. तीन वर्षांच्या पोरीचं कुणी एवढं करत नाही.

मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, आज पीठ घालायचं."

"कुणाचं?"

"तिचं."

"येवढ्याशा लेकराचं करत न्हाईत, बाई. देवाचं हुतं, देवानं नेलं. त्येला कसला आलाय फेरा?"

"घालायचं," मी म्हटलं.

मालक दारात बसले होते. तीन दिवसांत ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "घालू दे गं आये. आपलं काय जातंय? घालू दे तिला."

मला एवढंच कळायला हवं होतं की पोर कुठंतरी आहे. कुठं का असेना. ती आहे असं कळलं की माझ्या आतलं सुटेल, असं मला वाटत होतं. त्या दिवशी मी ज्वारीचं पीठ धोतराच्या फडक्यातून दोनदा चाळलं. आतल्या खोलीत जिथं तिचं अंथरूण होतं तिथं जमीन सारवून घेतली होती, ती वाळली होती. दिवेलागणीला मी एकटीच आत होते. पीठ पसरलं, बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून फडक्यानं सारखं केलं, मध्ये पणती ठेवली. पीठ इतकं स्वच्छ दिसत होतं की मला धसका बसला. उद्या ते असंच दिसलं तर? सासू म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते. आणि मग कुठंच काही राहणार नाही.

तेवढ्यात दाराच्या चौकटीवर भुंगा दिसला. मोठा होता, मिशा हलवत बसला होता. ओंडक्यातून भिंतीच्या फटीनं आत येत असत, त्यात नवल नव्हतं. मी त्याला पाठीकडून धरून उचललं. तो चीं चीं करू लागला आणि त्यानं पायांच्या आकड्यांनी माझं बोट पकडलं. सोडवावं लागलं. मी त्याला पिठाच्या कडेला ठेवलं आणि दुरडी झाकली.

माझा बेत साधा होता. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, भुंगा काढून बाहेर सोडायचा, दुरडी परत तशीच झाकायची. सकाळी पिठावर पावलं दिसतील. सासूला दिसतील, मालकांना दिसतील, आणि ते दोघं म्हणाले की पोर येऊन गेली, की मलाही ते खरं वाटेल. स्वतःला फसवायचं तर मधे दोन माणसं लागतात. एकट्यानं ते जमत नाही, निदान मला जमलं नसतं.

आणि मी झोपले. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्या रात्री मेल्यासारखी झोपले. गिरणीची पहिली शिट्टी झाली ती ऐकली नाही, दुसरी झाली तीही नाही. सासूनं मला उठवलं नाही, झोपतीय तर झोपू दे म्हणाली. मला जाग आली ती आतल्या खोलीतल्या बोलण्यानं. ऊन दारातून आत आलं होतं. उठून मी उंबऱ्याशी पोचले तेव्हा सासूनं दुरडी उचललेली होती.

पीठभर पावलं होती. बारीक टाके घातल्यासारखी, गोल फिरून पुन्हा कडेला आलेली, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना मिशांच्या रेघा. पणती विझली होती. भुंगा पणतीला टेकून बसला होता. मालक उकिडवे बसले होते, आणि त्यांचा हात पुढं गेला. मी बघत होते. त्यांचे डोळे पिठावर होते, पावलांवर. हाताला ते बघत नव्हते. अंगठा आणि बोट, एक पीळ. चीं चीं झालं आणि कटकन वाजलं.

सासू त्याच वेळी म्हणाली, "पाखरू झाली की रं. पंखाचं पाखरू." मग तिनं मालकांच्या हातात काय आहे ते बघितलं. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मालकांनीही तेव्हाच बघितलं.

थोड्या वेळानं सासू म्हणाली, "भुंगाच की त्यो. वखारीतला." पण ते तिनं उशिरा म्हटलं, आणि तिचं तिलाच पटलं नाही हे आवाजावरून कळत होतं. मालक उठले, मूठ मिटलेलीच ठेवून परसात गेले. मी खिडकीतून बघितलं. त्यांनी खुरप्यानं कडुलिंबाखाली उकरलं, भुंगा आत ठेवला, माती लोटली आणि वर एक दगड ठेवला. पोरीला पुरलं तिथंही असाच एक दगड ठेवून आल्याचं त्यांनी मला सांगितलं होतं.

सांगायला दोन शब्द पुरले असते. मीच ठेवला होता, एवढंच. मी सांगितलं नाही. मी पीठ एका सुपात भरलं, गाईला घालायला शेजारी दिलं आणि चूल पेटवली. का सांगितलं नाही याची कारणं मी पुढं पुष्कळ शोधली. लाज वाटली हे एक. मालकांचा राग आला हे दुसरं. माझ्या पिठावरची माझी एकुलती एक गोष्ट त्यांनी मोडली होती, मग ती मी कशी का आणली असेना. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं, त्यात मालकांना काय वाटत असेल तेही आलं.

मालक कामावर जायला लागले. त्या मोसमात ओंडक्यांतून भुंगे निघतच होते. मालक ते धरत, पण पीळ देत नसत. डोक्याच्या फडक्यात गुंडाळून दुपारच्या सुट्टीत तळ्याकाठी नेत आणि उंबरावर सोडून येत. उंबरालाही हा किडा तसाच खातो, पण ते झाड अण्णांचं नव्हतं. वखारीतले लोक आधी हसले. अण्णा चेष्टेनं म्हणाले, "काय ओ मिस्त्री, पांजरपोळ काढली काय तुम्ही?" मालकही हसले. पुढं अण्णांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण त्यांनी चेष्टा बंद केली आणि मालकांना आंब्याच्या ढिगाकडून काढून सागवानाच्या कामाला लावलं. भले गृहस्थ होते. त्यांनी काही विचारलं नाही.

एकदा जेवायला बसले असताना, सासू देवळात गेली होती, मालकांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. म्हणाले, "तिला लागलं असंल का गं?"

मी विचारलं नाही, कुणाला. म्हटलं, "न्हाय."

"आवाज केला हुता तिनं."

"त्यो समदेच भुंगे करत्यात."

"व्हय," ते म्हणाले, आणि कालवणात भाकरी कुस्करून जेवले.

तेव्हा सांगता आलं असतं. समोरासमोर होतो, घरात तिसरं कुणी नव्हतं, आणि त्यांनी स्वतः दार उघडून दिलं होतं. मी त्यांना आणखी कालवण वाढलं. मला हे वाईट वाटून लिहायला हवं, पण मला आठवतं ते असं की त्यांचं ते दुःख बघून मला थोडं बरं वाटायचं. घरात निदान कुणीतरी पोरीसाठी झुरत होतं. माझ्या वाटणीचंही तेच झुरत होते, मग मी ते कशाला थांबवू? मी काही फार चांगली बाई नाही, हे मला त्या वर्षी कळलं, आणि तेही मला फारसं लागलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर मला दुसरी मुलगी झाली. बाळंतपण तिथंच झालं, त्या बाहेरच्या खोलीत. सुईण बाळाला गुंडाळून मालकांकडं घेऊन गेली तर त्यांनी हात मागं घेतले. "नंतर," म्हणाले. सासूला वाटलं, मुलगा नाही झाला म्हणून फुगला असेल. तिनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं. मालक ऐकून घेत राहिले. बारशाला घेतलं नाही, तीन महिने झाले तरी घेतलं नाही. पोर पाळण्यात रडू लागली की ते पाळण्याची दोरी लांबून ओढायचे, पाळण्याशी जायचे नाहीत. तिच्याकडं बघायचे मात्र फार. एका दुपारी मी आतून बघितलं, ते पाळण्यापाशी उभे होते, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि बोट डाव्या हातात घट्ट धरून ठेवलं होतं. पोर त्यांच्याकडं बघून पाय झाडत होती.

तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी झालं. कळ आली म्हणावी अशी. ही पोर बापाच्या हाताशिवाय वाढणार, आणि ते माझ्यामुळं, हे मला असं सरळ दिसलं. मी बाहेर आले आणि म्हटलं, "बसा. सांगायचं हाय."

ते बसले. मी सगळं सांगितलं. पीठ दोनदा चाळलं ते, धसका बसला ते, चौकटीवर भुंगा कुठं बसला होता, त्यानं बोट कसं धरलं, पहाटे उठून तो सोडणार होते, झोप लागली. "त्यो तिचा जीव न्हवता," मी म्हटलं. "वखारीतला किडा हुता. मीच धरून ठिवला. तुमी काय बी केलं न्हाय. करायचं ते म्या केलं." बोलता बोलता मला रडू फुटलं, दीड वर्ष उलटून गेल्यावर. आवाज इतका मोठा झाला की शेजारची तेलुगू बाई दाराशी येऊन परत गेली.

मालक शेवटपर्यंत ऐकत होते, मान खाली घालून. माझं रडणं थोडं कमी झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"इतकं कशाला रचतीस?" म्हणाले. "मला बरं वाटावं म्हनून सांगतीस, कळतंय की मला. दीड वरीस मनात जुळवत बसली असशील."

मी म्हटलं, "खरं हाय. तुमच्या गळ्याची आण."

"आण घालू नकोस. खोट्याला आण घालू नये." आणि हसले, खरोखरीचं हसले. "लई भली हायस तू. म्या तुला दगड समजत हुतो."

त्यानंतर मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. रागानं सांगितलं, शपथेवर सांगितलं, सासूसमोर सांगितलं. जितकं सांगावं तितका त्यांचा माझ्याविषयीचा मान वाढायचा. पोरीला त्यांनी त्याच संध्याकाळी घेतलं, माझ्यासाठी घेतलं. पण हातांत धरलं नाही. दोन्ही हात पुढं करून मनगटाच्या मागच्या भागावर तिला झेललं, मुठी मिटलेल्या. तशीच त्यांनी ती वाढवली. तिला वाटायचं सगळे बाप असंच घेतात.

मालक गेले तेव्हा ती मुलगी दोन लेकरांची आई होती. शेवटच्या दिवसांत ती त्यांच्याजवळ बसायची, मी भाकरी करायची. एकदा ते तिला म्हणाले, मला चुलीपाशी ऐकू आलं, "तुजी आय लई मोठ्या मनाची. माझ्यासाठी जलमभर एक खोटं बोलली, कधी माघार घेतली न्हाय."

मुलगी उठून आत आली. "कसलं खोटं गं आई?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "काय ठाऊक. लई जुनं असंल," आणि तव्यावरची भाकरी उलटली.